ओहायो स्टेट २०२४ : मिशिगनकडून हरलेले विजेते

ऑलेंटांगीकाठ

२० जानेवारी २०२५ ला अटलांटात नोत्र दामला ३४-२३ असं हरवून ओहायो स्टेट विद्यापीठाने अमेरिकन कॉलेज फुटबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. काल रविवारी, २६ तारखेला, आमच्या स्टेडियममध्ये संघाचा सत्कारही झाला. तरीही कोलंबसमध्ये ऑफिसात, किराणा दुकानात, मंडळाच्या हळदीकुंकवात एकच वाद रंगतोय: ३० नोव्हेंबरला घरच्या मैदानावर कट्टर प्रतिस्पर्धी मिशिगनकडून हरलेल्या या संघाला थोर म्हणायचं की नाही? माझं उत्तर 'हो' असं आहे. ते का, हे नीट मांडावं म्हणून हा धागा.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चेंडू ज्या संघाकडे असतो त्याला दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी मिळतात. एकेका संधीला डाउन म्हणतात. दहा यार्ड सर झाले की पुन्हा नव्याने चार. चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेला की टचडाउन, त्याचे सहा गुण आणि वर लाथेने एक. रेषेपर्यंत पोचता आलं नाही तर दोन खांबांमधून लाथेने मारून फील्ड गोल, त्याचे तीन. चेंडू कोणाला द्यायचा किंवा कुठे फेकायचा हे क्वार्टरबॅकच्या हातात. पुढचं समजायला एवढं पुरे.

आता मुळापासून. जानेवारी २०२४ मध्ये जॅक सॉयर, जे. टी. तुइमोलोआउ, ट्रेव्हियन हेंडरसन, एमेका एग्बुका, डेन्झेल बर्क, डॉनोव्हन जॅक्सन, टायलिक विल्यम्स या मुलांपुढे एनएफएलचा, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलचा, रस्ता मोकळा होता. ही सगळी २०२१ ला कॉलेजात आलेली. एकेकाने जाहीर केलं की आणखी एक वर्ष थांबतो. कारण स्पष्ट होतं. २०२१, २०२२, २०२३, तिन्ही वर्षं ते मिशिगनकडून हरले होते, आणि तिसऱ्या वर्षी तर मिशिगन राष्ट्रीय विजेता झाला होता. सॉयर कोलंबसला लागूनच असलेल्या पिकरिंग्टनचा. त्याच्या घरात हा सामना काय असतो ते वेगळं सांगायला नको.

मिशिगनला हरवणाऱ्या ओहायो स्टेटच्या प्रत्येक खेळाडूला एक छोटीशी सोन्याची विजार मिळते. खरंच विजार, गळ्यातल्या साखळीत अडकवता येईल एवढी. १९३४ साली फ्रान्सिस श्मिट नावाचे कोच आले. मिशिगनबद्दल त्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, की तेही आपल्यासारखीच एकेक पाय घालून विजार चढवतात. तेव्हापासूनची ही प्रथा. पदकं, अंगठ्या पुष्कळ मिळतात, पण इथल्या माजी खेळाडूंच्या घरी काचेच्या कपाटात मानाने ठेवलेली असते ती ही विजार.

थांबलेल्या मुलांच्या जोडीला बाहेरून माणसं आणली. कॅन्सस स्टेटहून क्वार्टरबॅक विल हॉवर्ड, ओले मिसहून (मिसिसिपी विद्यापीठ) चेंडू घेऊन पळणारा क्विन्शॉन जडकिन्स, अलाबामाहून सेफ्टी, म्हणजे बचावात मागे राहणारा, केलेब डाउन्स आणि सेंटर, म्हणजे क्वार्टरबॅककडे चेंडू देणारा, सेथ मॅक्लॉफलिन. चिप केली यूसीएलएचं मुख्य कोचपद सोडून इथले मुख्य कोच रायन डे यांच्या हाताखाली आले. शाळेतून थेट आला तो जेरेमाया स्मिथ. पहिल्याच वर्षी तो मैदानावरचा सगळ्यात भारी रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारा, ठरला, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितोय.

सुरुवातीचे सामने एकतर्फी झाले. अ‍ॅक्रन ५२-६, वेस्टर्न मिशिगन ५६-०, मार्शल ४९-१४, मिशिगन स्टेट ३८-७, आयोवा ३५-७. मग १२ ऑक्टोबरला ऑरेगनला गेलो आणि ३१-३२ असं एका गुणाने हरलो. त्या सामन्यात लेफ्ट टॅकल जॉश सिमन्स जायबंदी होऊन वर्षभरासाठी बाहेर गेला. पुढे जे जे घडलं त्याचं बीज मला या दुखापतीत दिसतं. क्वार्टरबॅकची पाठीकडची बाजू राखणारा माणूसच गेला, आणि नेब्रास्काला कसंबसं २१-१७ असं हरवलं. शेवटी जॅक्सनने आपली गार्डची, म्हणजे सेंटरच्या शेजारची, जागा सोडली आणि तो लेफ्ट टॅकलला उभा राहिला. एनएफएलमध्ये ज्याची किंमत गार्ड म्हणून ठरणार, त्याने शेवटच्या वर्षात स्वतःची जागा बदलून अनोळखी कोपरा पत्करला. या हंगामातली सगळ्यात मोठी गोष्ट कोणती असं विचारलं तर मी ही सांगेन. कुठल्याही टचडाउनपेक्षा मोठी.

२ नोव्हेंबरला पेन स्टेट, त्यांच्याच मैदानात. चौथ्या, म्हणजे शेवटच्या, क्वार्टरमध्ये त्यांना रेषेपासून तीन यार्डांवर चार संधी होत्या. तीनदा मधूनच घुसायचा प्रयत्न, तिन्ही वेळा आमची भिंत जागची हलली नाही. चौथ्यांदा चेंडू फेकला, तोही जमिनीवर. त्यानंतर पाच मिनिटांहून जास्त वेळ उरला होता. हॉवर्ड आणि मंडळींनी चेंडू परत दिलाच नाही, घड्याळ संपवूनच बाहेर आले. २०-१३. त्या रात्री वाटलं, हा संघ काहीतरी करणार.

मग इंडियानाच्या सामन्याच्या आठवड्यात सरावात मॅक्लॉफलिनच्या टाचेची शीर तुटली. सेंटर पण गेला. तरी १०-० (दहा विजय, शून्य पराभव) असा आलेल्या इंडियानाला ३८-१५ ने हरवलं, आणि पुढचा शनिवार मिशिगनचा.

त्याबद्दल खाली सविस्तर लिहितो. आधी तुम्ही बोला.

---

नवीनच

सुंदर लिहिलंय! मी सहा महिन्यांपूर्वी पुण्याहून क्लीव्हलंडला आले. नोव्हेंबरच्या शेवटी एका मैत्रिणीकडे कोलंबसला गेले होते, तेव्हा विद्यापीठाच्या आवारात पाट्यांवरच्या प्रत्येक एम अक्षरावर लाल पट्ट्यांची फुली मारलेली दिसली. इमारतींच्या नावांतसुद्धा. एका सामन्यासाठी एवढं? हे वैर आलं कुठून?

---

ट्रॉयकर

@नवीनच, हे मिशिगनवाल्याने सांगितलेलं बरं. :-) मी वीस-एक वर्षं डेट्रॉईटजवळ राहतोय, अ‍ॅन आर्बरला, म्हणजे मिशिगन विद्यापीठात, शिकलो.

वैर फुटबॉलच्या आधीचं आहे. १८३५ मध्ये टोलीडो शहर आणि आजूबाजूची चिंचोळी पट्टी कोणाची यावरून ओहायो राज्य आणि तेव्हाचा मिशिगन प्रदेश आपापले शिपाई घेऊन समोरासमोर आले होते. वॉशिंग्टनने मध्ये पडून टोलीडो ओहायोला दिलं आणि मिशिगनला बदल्यात वरचा द्वीपकल्प. तेव्हा सगळ्यांना वाटलं मिशिगन फसला. नंतर त्याच द्वीपकल्पात तांबं आणि लोखंड निघालं. फुटबॉलचा पहिला सामना १८९७ चा, आणि गेली कित्येक दशकं तो हंगामाच्या शेवटी असतो, म्हणजे वर्षभराचा हिशोब त्या एका दुपारी. त्या आठवड्यात ओहायोवाले एम लिहीत नाहीत. आम्ही मात्र त्यांची सगळी अक्षरं वापरतो.

आता ऑलेंटांगीकाठ यांच्या मूळ मुद्द्याबद्दल. संघ विजेता आहे, अभिनंदन मनापासून. पण थोर? आमचा संघ ६-५ असा तुमच्या दारात आला. रिसीव्हरांना रोखणारा आमचा सगळ्यात भारी कॉर्नरबॅक विल जॉन्सन बाहेर, टाइट एंड कोल्स्टन लव्हलँड बाहेर. तुम्ही २० च्या आसपास गुणांनी जिंकाल असं सगळे म्हणत होते. आमच्या क्वार्टरबॅकने अख्ख्या सामन्यात १०० यार्डसुद्धा फेकले नाहीत. आणि तरीही १३-१०. अशा संघाकडून स्वतःच्या एक लाख लोकांसमोर हरणाऱ्याला मी चांगला संघ म्हणेन, फार चांगला म्हणेन. थोर नाही म्हणणार.

---

ऑलेंटांगीकाठ

ट्रॉयकर, तुमचा एकही आकडा खोटा नाही. म्हणून त्या सामन्याबद्दल आता लिहितो.

मी दक्षिणेकडच्या स्टँडमध्ये होतो. पहिल्या अर्ध्यात १०-१०. मिशिगनचं टचडाउन आमच्याच चुकीतून आलं, हॉवर्डचा चेंडू आमच्या रेषेजवळ अडवला गेला आणि मग कॅलेल मलिंग्ज आत घुसला. दुसऱ्या अर्ध्यात आमचे गुण शून्य. शून्य! जेडन फील्डिंगचे दोन फील्ड गोल हुकले. पण खरं दुखणं वेगळं होतं. मिशिगनच्या मध्यभागी मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट असे दोन पहाड उभे होते, आमचा सेंटर बदली आणि लेफ्ट टॅकल उसना. तरी आम्ही पुन्हा पुन्हा मधूनच पळत राहिलो. कडेला स्मिथ, एग्बुका, कार्नेल टेट असे तीन रिसीव्हर, समोर जॉन्सन नाही, आणि चेंडू मात्र मधल्या गर्दीत. माझ्या शेजारचे सत्तरीचे गृहस्थ प्रत्येक डाउनला बोटाने कडेकडे दाखवत होते. शेवटी मलिंग्जने तिसऱ्या डाउनला २७ यार्ड पळून आमचा डिफेन्स फोडला, आणि ४५ सेकंद उरले असताना डॉमिनिक झ्वाडाने फील्ड गोल मारला.

माझ्या मते त्या दिवशी आम्ही मिशिगनला 'ताकदीने' हरवायचा हट्ट धरला. तीन वर्षं लोक म्हणत होते की ओहायो स्टेट मऊ आहे, धक्काबुक्कीच्या खेळात टिकत नाही. ते टोमणे खोडून काढायला निघालो आणि जे आपल्याकडे होतं ते वापरलंच नाही. ही चूक कोचची, मुलांची नाही.

नंतरचा प्रकार सगळ्यांनी टीव्हीवर पाहिला. मिशिगनच्या खेळाडूंनी मैदानाच्या मध्यावरच्या ओ अक्षरावर आपला झेंडा रोवायचा प्रयत्न केला, हाणामारी झाली, पोलिसांनी मिरचीचा फवारा मारला. सॉयरने तो झेंडा उपटला. माझ्या दृष्टीने तो प्रकार दोन्ही बाजूंना शोभला नाही, त्यावर इथे वाद नको.

---

ट्रॉयकर

झेंडा रोवायला नको होता. मान्य.

---

रात्रपाळी

मी कोलंबसमध्येच हॉस्पिटलात काम करते. सामन्यानंतरच्या आठवड्यात इथे रायन डे यांच्याबद्दल जे बोललं गेलं ते ऐकवत नव्हतं. 'मिशिगनविरुद्ध १-४, हाकला याला' इथपर्यंत समजू शकते. पण त्यांच्या कुटुंबाला धमक्या, घराबाहेर पहारा? खेळ आहे हो शेवटी.

एक गोष्ट इथल्या वाचकांना सांगावीशी वाटते. डे लहान असताना त्यांच्या वडिलांनी आत्महत्या केली. मोठेपणी त्यांनी ते उघडपणे सांगितलं, आणि पत्नीबरोबर मुलांच्या मानसिक आरोग्यासाठी निधी उभा केला. त्यांच्या संघात हॅरी मिलर नावाचा लाइनमन होता, अतिशय हुशार विद्यार्थी. त्याने कोचकडे येऊन सांगितलं की मला जगावंसं वाटत नाही. डे यांनी त्याला त्याच वेळी डॉक्टरांकडे पोचवलं. मार्च २०२२ मध्ये मिलरने खेळ सोडताना हे सगळं स्वतः लिहिलं. आमच्याकडे येणारी विशीतली मुलं ती गोष्ट ओळखतात, ती ऐकून मदत मागायला येतात. म्हणून माझ्यासाठी या माणसाचं मोजमाप मिशिगनच्या सामन्यावर होत नाही.

---

ठाणेकर_काका

माझी भाची ओहायो स्टेटला एमएस करते म्हणून हा धागा वाचला. खेळ थोडा थोडा कळायला लागला. पण एक शंका. कॅन्ससहून हा, अलाबामाहून तो, ही तर खरेदीच झाली की! विद्यार्थी म्हणायचं आणि पैसे देऊन आणायचं?

---

ऑलेंटांगीकाठ

काका, प्रश्न रास्त आहे. जुलै २०२१ पासून कॉलेज खेळाडूंना स्वतःचं नाव आणि चेहरा वापरून पैसे कमवायची परवानगी मिळाली. या हंगामात विद्यापीठाच्या दात्यांनी एकत्र येऊन निधी केला आणि त्यातून खेळाडूंना करार मिळाले. आमच्याच क्रीडा संचालकांनी गेल्या वर्षी सांगितलं की या संघावर सुमारे २ कोटी डॉलर खर्च झाले. कॉलेज बदलल्यावर एक वर्ष बाहेर बसायचा नियमही आता राहिलेला नाही.

माझं मत स्पष्ट आहे: हे योग्य झालं. एक लाखाचं स्टेडियम, टीव्हीचे करोडो डॉलर, कोचचा पगार दरसाल लाखो डॉलर, आणि ज्यांचे गुडघे मोडतात त्यांना फक्त शिष्यवृत्ती, हे वर्षानुवर्षं चाललं होतं. आणि फक्त पैशाने संघ होत नाही. जॅक्सनने जागा बदलली ती कुठल्या करारात लिहिलेली नव्हती. थांबलेल्या मुलांनाही थांबायचे पैसे मिळाले, हे खरंच. त्यात मला कमीपणा वाटत नाही.

---

ठाणेकर_काका

पटलं. मग मिशिगननंतर काय झालं ते सांगा. हरलेला संघ अंतिम फेरीत गेला कसा?

---

ऑलेंटांगीकाठ

आतापर्यंत चारच संघ बाद फेरीत जायचे. या वर्षी पहिल्यांदाच बारा घेतले. आम्ही १०-२ होतो, आठवं मानांकन मिळालं.

मधल्या तीन आठवड्यांत खेळाडू आणि कोच बंद दाराआड एकत्र बसले आणि जे मनात होतं ते एकमेकांच्या तोंडावर बोलले, असं त्यांनीच नंतर सांगितलं. आत काय झालं ते त्यांनाच माहीत. बाहेर काय दिसलं ते सांगतो.

२१ डिसेंबर, टेनेसी, आमच्याच मैदानात, रात्रीचा सामना, हाडं गोठवणारी थंडी. टेनेसीचे लोक प्रचंड संख्येने आले होते. स्टेडियमचा मोठा भाग नारिंगी होता, आणि आपल्याच घरात परकं वाटावं अशी अवस्था. पहिल्या काही डाउनमध्येच कळलं की डोकं बदललंय. चेंडू थेट स्मिथकडे, कडेने, खोलवर. पहिल्या क्वार्टरअखेर २१-०. शेवटी ४२-१७. मिशिगनच्या दिवशी बोट दाखवणारे ते गृहस्थ मला आठवले.

१ जानेवारी, रोझ बोल नावाचा उपांत्यपूर्व सामना, पुन्हा ऑरेगन. ते १३-० अजिंक्य, पहिलं मानांकन. आम्ही दुसऱ्या क्वार्टरमध्ये ३४-० वर होतो! ऑक्टोबरमध्ये आम्हाला एका गुणाने हरवणारा संघ तो हाच, यावर विश्वास बसत नव्हता. स्मिथने एकट्याने १८७ यार्ड काढले. अंतिम ४१-२१.

---

पोर्टलंडची_सुनबाई

इथे आमचं थोडं ऐका. :-( आमचा संघ अख्खा हंगाम हरला नाही, पहिलं मानांकन मिळवलं, आणि बक्षीस म्हणून पहिलाच सामना ओहायो स्टेटशी! नियम असा होता की गटविजेत्यांपैकी वरच्या चौघांनाच पहिली चार मानांकनं आणि पहिल्या फेरीत सुटी. त्यामुळे बोइसी स्टेट आणि अ‍ॅरिझोना स्टेट तिसरे-चौथे झाले आणि क्रमवारीत सहावे असलेले तुम्ही आठवे. तुमच्या थोरपणात या मांडणीचाही वाटा आहे.

आणि ऑक्टोबरच्या सामन्यातली ती शेवटची गोष्ट पण लिहा ना. आमच्या कोचनी दहा सेकंद उरले असताना अकराऐवजी बारा माणसं मैदानात ठेवली. दंड पाच यार्डांचा, पण घड्याळातले चार सेकंद गेलेच. नंतर तो नियमच बदलावा लागला. माझ्या नवऱ्याने तो क्षण इतक्यांदा लावून पाहिलाय की मला आता प्रत्येक खेळाडूचा नंबर पाठ आहे.

---

ऑलेंटांगीकाठ

सुनबाई, मानांकनाचं तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. अजिंक्य संघाला उपांत्यपूर्व फेरीत आमच्याशी खेळावं लागणं हा अन्यायच होता. पण आम्ही कोणाचा सोपा रस्ता घेतला असंही नाही. टेनेसी, ऑरेगन, टेक्सस, नोत्र दाम, सलग चार. यातला एकही संघ लिंबूटिंबू नाही.

आणि बारा माणसांची ती युक्ती चलाखच होती, पण शेवटच्या डाउनला घसरत बसून वेळ संपवला तो आमच्या हॉवर्डने. त्याच मुलाने रोझ बोलमध्ये तुमच्याविरुद्ध तीन टचडाउन फेकले. मला त्याचं फार कौतुक आहे. मिशिगनच्या सामन्यानंतर सगळं शहर त्याच्या नावाने बोटं मोडत होतं.

आता १० जानेवारी, टेक्ससविरुद्धचा उपांत्य सामना, तोही टेक्सस राज्यात आर्लिंग्टनला. पहिला अर्धा संपता संपता हेंडरसनने एक छोटा पास घेतला आणि ७५ यार्ड पळत सुटला, त्यामुळे १४-७. मग टेक्ससने १४-१४ केलं. चौथ्या क्वार्टरमध्ये चौथ्या डाउनला दोन यार्ड हवे असताना हॉवर्ड स्वतः पळाला आणि १८ यार्ड काढून अडखळून पडला. जडकिन्सने पुढे २१-१४ केलं.

आणि मग टेक्सस आमच्या रेषेपासून एका यार्डावर. चार संधी. एकीत मधून घुसायला गेले, हलले नाहीत. दुसरीत चेंडू कडेला टाकला तर आमच्या पोरांनी धावत जाऊन सात यार्ड मागे पाडलं. तिसरा पास वाया. चौथ्या डाउनला सॉयर बाहेरून वळसा घालून आला, क्विन युअर्सच्या हाताला झोंबला, चेंडू निसटला, सॉयरने तो उचलला आणि धावत सुटला. ८३ यार्ड! त्या अवजड शरीराने! माझी बायको ओरडत होती, 'पडू नको, पडू नको.' २८-१४.

तो युअर्स २०२१ ला ओहायो स्टेटलाच होता, आणि वसतिगृहात सॉयरचाच खोलीमित्र होता.

---

ट्रॉयकर

तो क्षण मीही उभा राहून पाहिला. वैर आपल्या जागी, पण पिकरिंग्टनच्या पोराने ते कमावलं होतं.

तरी माझा मुद्दा सोडत नाही. जुनी चार संघांची पद्धत असती तर दोन सामने हरलेले तुम्ही घरी बसला असता. ३० नोव्हेंबरलाच तुमचा हंगाम संपला असता, आणि डे कदाचित आज नोकरी शोधत असते. शनिवारी हरलास तर संपलास, ही या खेळाची खरी धार होती. बारा संघांनी ती बोथट केली. तुम्ही जिंकलात त्याचा आनंद आहे, पण माझ्या मुलीला मी शिकवलं होतं की नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी सगळं ठरतं. आता तिला काय सांगू?

---

रात्रपाळी

ट्रॉयकर दादा, तिला सांगा की विजार अजून तुमच्याकडेच अडकलीय. :-)

---

ऑलेंटांगीकाठ

रात्रपाळी ताईंनी नेमकं बोट ठेवलं. ट्रॉयकर, तुमच्या मुलीला हेच सांगा, खरंच. कारण धार गेलेली नाही. सॉयर, हेंडरसन, एग्बुका, तुइमोलोआउ, बर्क, जॅक्सन, विल्यम्स, या सात जणांकडे राष्ट्रीय विजेतेपदाची अंगठी आहे आणि मिशिगनची विजार एकही नाही. चार वर्षं, चार पराभव. ते ज्यासाठी परत आले त्यातलं एक मिळालं, दुसरं कधीच मिळणार नाही. कालच्या सत्काराला मी गेलो होतो. मुलं हसत होती, करंडक हातोहात फिरत होता. खाली उतरताना माझ्या मागचे दोन पोरगेले विद्यार्थी विजेतेपदाबद्दल न बोलता पुढच्या नोव्हेंबरात अ‍ॅन आर्बरला तिकिटं मिळतील का यावर बोलत होते.

मी थोर म्हणतो ते याच कारणाने. ज्या गोष्टीसाठी मुलं थांबली ती हातातून गेली, तीही सगळ्यात लाजिरवाण्या प्रकारे, आणि त्यानंतर तीन आठवड्यांत ती पुन्हा मैदानात उतरून देशातल्या चार बलाढ्य संघांना ओळीने हरवून आली. जो संघ कधी हरलाच नाही त्याला हे करून दाखवायची वेळच येत नाही.

अंतिम सामन्याबद्दल थोडक्यात. नोत्र दामने पहिल्याच डावात १८ डाउन खेळत पावणेदहा मिनिटं चेंडू राखला आणि टचडाउन केलं. पोटात गोळा आला. त्यानंतर आमचे सलग ३१ गुण. हॉवर्डचे पहिले तेरा पास एकामागून एक बरोबर हातात. दुसऱ्या अर्ध्याच्या सुरुवातीला जडकिन्स ७० यार्ड सुटला. मग नोत्र दाम चिवटपणे ३१-२३ पर्यंत आला. त्यांचे कोच मार्कस फ्रीमन हे मूळचे आपलेच, इथेच लाइनबॅकर खेळलेले, त्यामुळे त्यांच्याबद्दल वाईट वाटतच होतं.

तीन मिनिटांहून कमी उरलेली, तिसरा डाउन, ११ यार्ड हवेत. मिशिगनच्या दिवशीचा कोच इथे चेंडू मधून पळवून घड्याळ संपवायला बघतो आणि मग लाथ मारून चेंडू परत देतो. या दिवशी स्मिथ एकटा बचावपटूसमोर दिसला आणि हॉवर्डने तो उंच टाकला. ५६ यार्ड. १९ वर्षांच्या मुलाकडे. तिथेच सामना संपला. नंतर फील्ड गोल मारला तो त्याच फील्डिंगने, ज्याचे मिशिगनविरुद्ध दोन हुकले होते.

---

नवीनच

वाचताना श्वास रोखून धरला होता. पुढच्या हंगामात एक तरी सामना स्टेडियममध्ये बघायचाच. तिकीट कुठून घ्यायचं, आणि कोणता सामना पहिल्यांदा बघावा?

---

रात्रपाळी

मिशिगनचा २०२५ चा सामना अ‍ॅन आर्बरला आहे, तो सोड. सप्टेंबरमधला एखादा हलका सामना घे, तिकीट विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून, ऊन असतं, गर्दी आनंदी असते. दोन तास आधी सेंट जॉन अरीनात बँडचा कार्यक्रम असतो, तो चुकवू नकोस. मग मैदानावर तो बँड चालत चालत 'ओहायो' हा शब्द लिहितो आणि सुझाफोन हे भलंमोठं वाद्य वाजवणारा एक जण शेवटी आय वरचा टिंब होऊन उभा राहतो. मी मराठी शाळेतल्या मुलांना घेऊन गेले होते, त्यांना सामन्यापेक्षा तेच जास्त आठवतं. शिरस्त्राणांवरची बकाय या इथल्या झाडाच्या पानांची छोटी चिकट चित्रंही बघ, चांगल्या खेळाबद्दल एकेक मिळतात, हंगामाच्या शेवटी शिरस्त्राण भरून जातं.

---

ऑलेंटांगीकाठ (एप्रिलअखेर २०२५)

धागा वर काढतोय, कारण एनएफएलची निवड पार पडली. आपले १४ खेळाडू घेतले गेले. पहिल्या फेरीत चार: एग्बुका, जॅक्सन, विल्यम्स आणि सिमन्स. ऑक्टोबरपासून एकही सामना न खेळलेला सिमन्स पहिल्या फेरीत गेला, याचा मला सगळ्यात जास्त आनंद झाला. आणि जॅक्सनला मिनेसोटाने २४ व्या क्रमांकावर उचललं. जागा बदलल्याने त्याचं नुकसान होईल म्हणणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

सॉयर आणि हॉवर्ड दोघेही पिट्सबर्गला गेले, म्हणजे इथून गाडीने तीन तासांवर. चिप केली आणि जिम नोल्स हे दोन्ही मोठे सहायक कोच मात्र दुसरीकडे गेले, नोल्स तर थेट पेन स्टेटला. २०२५ च्या हंगामात डिफेन्स मॅट पॅट्रिशिया बघणार. स्मिथ आणि डाउन्स त्या हंगामात इथेच आहेत.

---

ट्रॉयकर

@ऑलेंटांगीकाठ, पहिला सामना ३० ऑगस्टला टेक्ससशी ना, कोलंबसला? मुलीला घेऊन यायचा विचार आहे. ती टेक्ससच्या बाजूने ओरडणार, आधीच सांगून ठेवतो.

---

ऑलेंटांगीकाठ

हो, तोच. दुपारी आधी आमच्याकडे जेवायला या. नदीपलीकडे गाडी लावायला जागा मिळते, तिथून चालत पंधरा-वीस मिनिटं. फक्त मुलीला मिशिगनचा निळा-पिवळा सदरा घालू देऊ नका, टेक्ससचा नारिंगी चालेल.